संगमावरचं केरो : 15,203 वरून 1,733

प्रश्न : नमस्कार. मी मूळचा कराडचा, रिटायर होऊन सहा वर्षं झाली, सध्या मुलाकडे सेंट लुईसला आलोय. मागच्या महिन्यात आम्ही सगळे कारने दक्षिणेकडे निघालो होतो, नकाशात बघितलं तर ओहायो आणि मिसिसिपीचा संगम जवळच दिसला, म्हटलं थोडी वाट वाकडी करू पण संगम बघायचाच, कराडच्या माणसाला तो टाळून जाणं जमणार कसं! तिथे कैरो नावाचं गाव आहे. जुन्या बाजाराच्या रस्त्याला चिटपाखरू नाही, विटांच्या मोठमोठ्या बिल्डिंगा आणि त्यांच्या खिडक्यांतून झाडं बाहेर आलेली. मुलगा म्हणाला पुराने गेलं असेल. मला काही पटलं नाही. एवढ्या दोन नद्या जिथे भेटतात तिथे खरं तर शिकागोएवढं शहर व्हायला पाहिजे होतं ना? मग झालं काय? आणि नेटवर त्याला सिटी म्हणतात, एवढ्याशा गावाला?

उत्तर : काका, आधी नावाचं सांगते, कारण पुढच्या वेळी तिथे कुणाला विचारायची वेळ आली तर उपयोगी पडेल. कैरो नाही म्हणायचं, केरो. स्पेलिंग इजिप्तच्या राजधानीचंच आहे, नाव पण तिच्यावरूनच, पण कैरो म्हटलात की तुम्ही बाहेरचे हे लगेच कळतं. इलिनॉय राज्याच्या त्या अख्ख्या दक्षिण टोकालाच लिटल इजिप्त म्हणतात, थीब्ज आणि कर्नाक नावाची गावंसुद्धा आहेत आसपास.

तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच आहे. पूर हा त्या गावाचा जुना शेजारी आहे, खुनी नाही. आणि शिकागोएवढं शहर होईल असं वाटणारे तुम्ही पहिले नाही, 1818 पासून लोकांना हेच वाटत आलंय. त्या साली पहिल्यांदा कागदावर शहर आखलं गेलं, ते बारगळलं. मग 1837 मध्ये डॅरियस होलब्रुक नावाच्या माणसाने कंपनी काढली, लंडनला जाऊन रोखे विकले, दोन नद्यांचा संगम म्हटल्यावर पैसे लावायला कोण नाही म्हणणार, आणि चार-पाच वर्षांत तेही बुडालं. 1842 मध्ये चार्ल्स डिकन्स बोटीने तिथून गेला आणि त्याने त्या जागेचं इतकं वाईट वर्णन करून ठेवलं की आजतागायत केरोवर लिहिणारा प्रत्येक जण ते उगाळतो, मी नाही उगाळत. जागा खोलगट, दोन्हीकडून पाणी, चिखल आणि मलेरिया, एवढं समजून घ्या.

गाव खरं उभं राहिलं ते रेल्वेमुळे. इलिनॉय सेंट्रलची लाइन 1850 च्या दशकात केरोपर्यंत आली आणि तिथे संपली, पुढे नदी! म्हणजे माल असो की माणूस, सगळ्यांना उतरावंच लागायचं. गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांत जे यादवी युद्ध झालं त्यात तर 1861 मध्ये उत्तरेच्या जनरल ग्रँटने (पुढे प्रेसिडेंट झाला तोच) मुक्कामच तिथे ठोकला, दक्षिणेचा डोनल्सनचा किल्ला घ्यायला तो तिथूनच निघाला. गुलामगिरीतून सुटून आलेले हजारो काळे लोक केरोच्या छावणीत आले, त्यातले बरेच तिथेच राहिले. 1860 ला गावात 2,188 माणसं होती, 1870 ला 6,267. दहा वर्षांत तिप्पट.

आता या गावाचं पोट कशावर होतं ते बघा. केरो काही पिकवून किंवा बनवून फार मोठं झालं नाही (लाकडाच्या गिरण्या होत्या, त्या चांगल्या चालल्या), ते मोठं झालं थांबणाऱ्या लोकांवर. रेल्वेचे डबे होडक्यावर चढवून ओहायोपार नेत, त्याला वेळ लागे, हमाल लागत, हॉटेलं लागत, दारूचे गुत्ते तर लागतच. 1889 मध्ये ओहायोवर रेल्वेचा पूल झाला आणि डबे सरळ पार जायला लागले. गाव लगेच काही पडलं नाही हं, उलट 1920 ला 15,203 झालं, तो त्याचा कळस. मग 1929 ला मिसिसिपीवर मोटारींचा पूल, 1930 च्या दशकातच ओहायोवर, आणि 1978 मध्ये इंटरस्टेट 57 या मोठ्या हायवेचा पूल गावाच्या वरच्या अंगाला. आपल्याकडे बायपास झाला की जुन्या हायवेवरच्या ढाबेवाल्याचं काय होतं ते तुम्ही बघितलंच असेल, इथे अख्ख्या गावाचं झालं. आजही संगमावरून बार्जेसची, म्हणजे मालवाहू सपाट बोटींची, रांग असते, देशातल्या सगळ्यात गजबजलेल्या जलमार्गांपैकी तो एक आहे, पण त्यातलं कोणी केरोला उतरत नाही.

पण एवढंच कारण असतं तर मी तुम्हाला चार ओळीत उत्तर दिलं असतं. जनगणनेचे आकडे ओळीने वाचले की कळतं कुठेतरी वेगळं काही आहे. 1940 ला 14,407 होते, म्हणजे दोन्ही पूल झाल्यावरही गाव बऱ्यापैकी तग धरून होतं. 1950 ला 12,123, 1960 ला 9,348 आणि 1970 ला 6,277. शेवटच्या त्या दहा वर्षांत तीनातला एक माणूस गेला आणि तेव्हा इंटरस्टेटचा पूल अजून व्हायचा होता.

केरो नकाशावर उत्तरेच्या राज्यात, वागणुकीत मात्र पक्कं दक्षिणेचं. 1909 च्या नोव्हेंबरात विल जेम्स नावाच्या काळ्या माणसाला हजारोंच्या जमावाने भर रस्त्यात मारलं. आयडा बी. वेल्स या पत्रकार बाई चौकशीला स्वतः तिथे गेल्या, राज्यपालांपुढे बाजू मांडली आणि शेरीफची, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाची, नोकरी गेली ती कायमची. पुढची पन्नास वर्षं वेगळी शाळा, वेगळी वस्ती चालूच. 1962 मध्ये गावातल्या स्विमिंग पूलसमोर आंदोलन झालं, पूल फक्त गोऱ्यांसाठी होता. एक फोटो आहे त्याचा, स्विमिंग पूलसमोर रस्त्यावर गुडघे टेकून प्रार्थना करणारी दोन मुलं आणि एक छोटी मुलगी, त्यातला एक जॉन लुईस, जो पुढे खासदार झाला. मालकांनी काय केलं तर काळ्या पोरांना आत घेण्यापेक्षा पूलच बंद करून टाकला. उन्हाळ्यात गोऱ्या पोरांनाही पोहायला काही उरलं नाही! मला विचाराल तर केरोची अख्खी गोष्ट या एका स्विमिंग पूलमध्ये आहे.

1967 च्या जुलैत रॉबर्ट हंट नावाचा 19 वर्षांचा सैनिक सुट्टीवर आला होता, तो पोलीस कोठडीत फासाला लटकलेला सापडला. पोलीस म्हणाले आत्महत्या, लोकांनी मानलं नाही, जाळपोळ झाली, मग गोऱ्यांनी हत्यारबंद गस्ती पथकं काढली, पांढऱ्या टोप्या घालून फिरायचे म्हणून नाव व्हाइट हॅट्स. 1969 मध्ये काळ्या लोकांच्या युनायटेड फ्रंटने ठरवलं की जे दुकानदार आम्हाला नोकरी देत नाहीत त्यांच्याकडून आम्ही काही घ्यायचं नाही. बहिष्कार वर्षानुवर्षं चालला. दुकानदारांना साधा उपाय होता, गल्ल्यावर दोन-चार काळे पोरं-पोरी ठेवायचे. ते केलं नाही, दुकानं बंद केली आणि गाव सोडलं. तुम्ही ज्या बिल्डिंगांच्या खिडक्यांतून झाडं बघितलीत, त्यातल्या कितीतरी तेव्हापासूनच्या.

आता पुराचं, कारण मुलाचं अगदीच चुकलं असं नको. गावाला चहूबाजूंनी बांध आणि भिंत आहे. उत्तरेकडून येताना हायवे रेल्वेच्या भरावाखालून जातो, तिथे वर मान करून बघितलंत का? प्रचंड लोखंडी दरवाजा टांगलेला आहे. पाणी चढलं की तो खाली सोडतात आणि गाव गढीसारखं बंद होतं, बाहेर जायचा तो रस्ताच नाही मग. 2011 मध्ये ओहायो 61.72 फुटांवर गेली, आधीचा 1937 चा विक्रम 59.5 फुटांचा होता. भिंतीच्या आत जमिनीतून पाणी उफाळायला लागलं, गाव रिकामं केलं, आणि 2 मेच्या रात्री लष्कराच्या इंजिनियर्सनी पलीकडच्या मिसुरी राज्यातला बर्ड्स पॉइंटचा बांध सुरुंगाने उडवला. द्रवरूप स्फोटकं बांधातल्या पाइपात पंपाने भरली होती. केरो वाचलं, मिसुरीतली 1,30,000 एकर शेती पाण्याखाली गेली, नव्वदेक घरं गेली. त्याआधी मिसुरीच्या विधानसभेच्या स्पीकरला विचारलं होतं, शेती बुडावी की केरो, आणि ते हसत म्हणाले केरो! नंतर माफी मागितली. शेतकऱ्यांचं नुकसान खरंच मोठं होतं, पण तीन हजार माणसांचं गाव बुडालेलं चालेल हे इतक्या सहज तोंडातून निघतं याचं मला राहून राहून नवल वाटतं.

म्हणजे पुरातून वाचलेलं गाव पुढच्या दहा वर्षांत रिकामं झालं. 2010 ला 2,831 होते, 2020 ला 1,733. हॉस्पिटल 1986 लाच बंद झालं होतं. 2017 मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने सांगितलं की एल्मवुड आणि मॅकब्राइड या दोन सरकारी चाळी राहण्यालायक नाहीत, रिकाम्या करा. जवळपास 400 माणसं, त्यात निम्मी पोरं, आणि गावात भाड्याने घरच नाही, मग गेली सगळी परगावी. शाळेचा पट एका फटक्यात खाली. केरो ज्या अलेक्झांडर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) येतं तिने 2010 ते 2020 मध्ये 36 टक्क्यांवर माणसं गमावली, पूर्ण अमेरिकेत कुठल्याही काउंटीने इतक्या टक्क्यांनी गमावली नाहीत. आज उरलेल्यांत दहातले साधारण सात काळे आहेत. किराण्याचं दुकान कित्येक वर्षं नव्हतं, 2023 मध्ये लोकांनी सहकारी तत्त्वावर काढलं.

सिटी का म्हणतात? तिथे सिटी हा कायद्याचा दर्जा आहे, लोकसंख्येचा नाही. केरोला तो 1858 ला मिळाला, माणसं गेली म्हणून कोणी काढून घेत नाही, शिवाय काउंटीचं मुख्यालय तेच. जनगणनेच्या हिशोबात मात्र 2020 पासून 5,000 माणसं किंवा 2,000 घरं असतील तरच शहरी, म्हणजे केरो एकाच वेळी सिटी पण आहे आणि ग्रामीण पण.

पुन्हा जाणार असाल तर 1884 चं सॅफर्ड लायब्ररीचं बिल्डिंग आणि मॅग्नोलिया मॅनर हा जुना वाडा बघा, ग्रँट प्रेसिडेंटपदावरून उतरल्यावर त्या वाड्यात पाहुणा आला होता. आणि संगमावरच्या फोर्ट डिफायन्सच्या टोकावर थोडा वेळ थांबा. कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात, तसं तिथे नाही. हिरवट ओहायो आणि तांबूस मिसिसिपी बराच वेळ शेजारी शेजारी वाहतात, मध्ये रेघ दिसते, आणि गंमत म्हणजे पाणी ओहायोचं जास्त पण पुढे नाव मिसिसिपीचं. जायच्या आधी नदीची पातळी तेवढी बघून घ्या, वसंतात ते टोक बऱ्याचदा पाण्याखाली असतं.