एवढ्या विश्वात देवीला मी कशी ठाऊक?

प्रिय पिल्ला,

काल फोन ठेवल्यावर तू विचारलंस, आजी अंबाबाईची ओटी भरताना माझं नाव कशाला घेते? आपल्या एकट्या आकाशगंगेत दहा हजार कोटींच्या वर तारे, मग देवीला मी कुठली ठाऊक असायला?

विश्व अफाट आहे हे आपल्या लोकांना काही नवीन नाही गं. देवाला ‘अनंत कोटी ब्रह्मांडनायक’ म्हणायचं आणि त्याच दमात गुडघेदुखी सांगायची, ही आपली रीत. आजी खण-नारळावर तांदळाची ओंजळ सोडते आणि पुटपुटते, “आई, पोरगी लांब हाय, तिच्या खोकल्याकडं बघ.” जनाबाई तर नामदेवांच्या घरची दासी. तिच्यासोबत विठोबा जात्यावर दळायला बसला, असं वारकरी सांगतात. नुसतं दर्शन देऊन गेला असता तरी चाललं असतं की! मला त्यातलं ते दळणच फार आवडतं.

आपल्याला एका वेळी एकाकडेच धड लक्ष देता येतं, म्हणून वाटतं की गर्दी वाढली की देवाकडचाही वाटा कमी होणार. पण अनंताला कितीनंही भागलं तरी अनंतच उरतं, हे गणित तुला माझ्यापेक्षा बरं कळेल.

आणि लांब असणं म्हणशील, तर कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव बघ. 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी आणि 9 ते 11 नोव्हेंबर. मावळतीचा किरण महाद्वारातून शिरतो, गरुड मंडपातून सरकत गाभाऱ्यात पोचतो. पहिल्या दिवशी देवीचे पाय, मग छाती, तिसऱ्या दिवशी मुख. पायरीवर उजेड चढायला लागला की माणसं माना उंच करून बघत राहतात. सुमारे 15 कोटी किलोमीटर तोडून, आठेक मिनिटांत आलेला तो प्रकाश नेमका तिच्या पावलांवर! चमत्कार नव्हे, बांधणाऱ्यांनी साधलेली दिशा आहे. एखाद्या वर्षी ढग किंवा धुरकं आड येतं, किरण अर्ध्यातच विरतो. सूर्याचं काही कमी झालेलं नसतं.

पुरावा माग, तो माझ्याकडे नाही. तुझ्या बाबांना तर यातलं काहीच पटत नाही. तरी जोतिबाच्या यात्रेचा गुलाल टीव्हीवर उधळला की “चांगभलं!” आधी त्यांच्याच तोंडून निघतं. ते का, हे त्यांनाच विचार. मलाही ऐकायचंय.

तुझी,
आई