अमेरिकेतल्या एवढ्या कंपन्या डेलावेअर या छोट्या राज्यातच का नोंदवलेल्या असतात? फक्त टॅक्स वाचवायला का?

टॅक्स हे त्यातलं लहान कारण. मी पुण्यात कंपनी सेक्रेटरी आहे आणि अमेरिकेतून पैसा उभा करणाऱ्या काही स्टार्टअप्सची कागदपत्रं सांभाळते. अमेरिकन गुंतवणूकदाराची पहिली अट बहुतेक वेळा हीच असते, की कंपनी डेलावेअरची हवी. मग माणसं बसतात बाणेरला, ग्राहक कॅलिफोर्नियात आणि कंपनीचा पत्ता डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनच्या एखाद्या एजंटचा.

आपल्याकडे कंपनी कायदा केंद्राचा आहे. पुण्यात नोंदवा की पाटण्यात, २०१३ चाच कायदा लागतो. अमेरिकेत तो राज्यांचा आहे, आणि धंदा कुठेही चालो, अंतर्गत कारभाराला नोंदणीच्या राज्याचाच कायदा लागतो. म्हणजे संचालकांना किती जबाबदार धरायचं, भागधारकाने कोर्टात कधी जायचं, याचे नियम कंपनीला पसंत करून घेता येतात.

न्यू जर्सीने हे दुकान आधी उघडलं होतं. १८८९ च्या सुमारास त्यांनी एका कंपनीला दुसऱ्या कंपनीचे शेअर्स घ्यायची मुभा दिली आणि स्टँडर्ड ऑइलसारखे ट्रस्ट, म्हणजे अनेक कंपन्या एका मुठीत ठेवणारे उद्योगसमूह, तिथे गेले. १८९९ मध्ये डेलावेअरने जवळपास तसाच कायदा केला. १९१३ मध्ये गव्हर्नर वुड्रो विल्सननी न्यू जर्सीचा कायदा कडक केला, तशा कंपन्या डेलावेअरकडे वळल्या. न्यू जर्सीने काही वर्षांत तो पुन्हा सैल केला, पण गेलेला धंदा परत आला नाही. डेलावेअरच्या प्रत्येक आमदाराला हा इतिहास ठाऊक असणार.

आज डेलावेअरची लोकसंख्या साधारण १० लाख आणि नोंदवलेल्या कंपन्या व संस्था २० लाखांहून जास्त. राज्याच्या उत्पन्नातला चौथा हिस्सा, कधी त्याहून जास्त, यातूनच येतो. दरवर्षी फेब्रुवारीत मला कुणा ना कुणा फाउंडरचा घाबरून फोन येतो, कारण फ्रँचाइज टॅक्सच्या, म्हणजे तिथल्या नोंदणीसाठीच्या वार्षिक कराच्या नोटिशीवर ८५,१६५ डॉलर लिहिलेले असतात. एक कोटी ऑथराइज्ड शेअर्स (कंपनीला जास्तीत जास्त काढता येतील इतके) धरले की एका पद्धतीने तेवढाच आकडा येतो. दुसऱ्या पद्धतीने मांडलं की लहान कंपनीला बहुधा ४०० डॉलर भरून सुटता येतं. असे लाखो ४०० आणि बड्या कंपन्यांचे दोन-दोन लाख मिळून ते राज्य चालतं.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. कंपन्यांचे वाद ऐकणारं तिथलं चान्सरी कोर्ट खरोखर चांगलं आहे. १७९२ पासूनचं, ज्युरी नाही, कंपनी कायद्यात मुरलेले न्यायाधीश, सविस्तर निकालपत्रं. वकिलांचा डेलावेअरवर भरवसा आहे तो बराचसा याच कोर्टामुळे.

पण कोर्ट मालकवर्गाच्या विरोधात गेलं की काय होतं ते पाहा. टेस्लाने इलॉन मस्कना दिलेलं सुमारे ५६ अब्ज डॉलरचं पॅकेज याच कोर्टाने जानेवारी २०२४ मध्ये रद्द केलं. दावा लावणाऱ्या भागधारकाकडे शेअर्स होते नऊ. मस्कनी टेस्लाची नोंदणी टेक्सासला नेली, आणखी कंपन्या निघायची भाषा करू लागल्या. १७ फेब्रुवारी २०२५ ला डेलावेअरच्या विधिमंडळात कंपनी कायद्याची दुरुस्ती आली आणि २५ मार्चच्या रात्री गव्हर्नरची सहीसुद्धा झाली. नियंत्रण हातात असलेल्या भागधारकाच्या व्यवहारांना कोर्टात आव्हान देणं तिने अवघड केलं, कंपनीचे कागद मागण्याचा हक्कही आखडता घेतला. (पुढे डिसेंबरमध्ये डेलावेअरच्याच सर्वोच्च न्यायालयाने मस्कचं पॅकेज परत दिलं.) हे ठरवणारे आमदार एकूण ६२. डेट्रॉइटच्या कामगाराचा किंवा कॅलिफोर्नियातल्या पेन्शनरचा पैसा या कंपन्यांत असतो, पण या ६२ जणांना निवडताना त्यांना मत नसतं. मला यात सगळ्यात जास्त हेच खुपतं.

टेक्सास तर आणखी पुढे गेलं. मे २०२५ च्या तिथल्या कायद्यानुसार शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असा नियम करू शकते की कंपनीच्या वतीने संचालकांवर दावा लावायचा तर किमान ३ टक्के शेअर्स हवेत. टेस्लाने लगेच तो केला. टेस्लाचे ३ टक्के म्हणजे अब्जावधी डॉलर. तुम्ही इथून मोबाइलवर तिचे नऊ शेअर्स घेतले असतील, तर तसा दावा तुम्हाला आता एकट्याने लावता येणार नाही.