जॅकी रॉबिन्सनची अर्धीच गोष्ट

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत, निवासी क्रीडाशाळेत आहे. बेसबॉल उत्तम खेळतो. वरच्या वर्गातली मुलं रंगावरून, आडनावावरून हिणवतात म्हणून परत यायचं म्हणतो. मी त्याला अमेरिकेच्या जॅकी रॉबिन्सनचं उदाहरण दिलं, केवळ गोरेच खेळत असलेल्या मोठ्या बेसबॉल लीगमध्ये उतरलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूचं. त्याने शिव्या मुकाट गिळल्या, म्हणूनच तो मोठा झाला. खेळाच्या कोट्यातून नोकरी लागेपर्यंत कळ काढ, हे तुम्ही त्याला समजावाल का?

उत्तर : नाही समजावणार.

तुमचं मूळ पत्र दोन पानांचं आहे. त्यात स्पर्धा, प्रमाणपत्रं, नोकरी सगळं सविस्तर आलंय. आणि मध्येच एक ओळ : 'हल्ली फोनवर फारसं बोलत नाही.' मी तिथेच अडकले. मुलगा मदत मागतोय आणि तुम्ही त्याला थोर माणसाचं चरित्र ऐकवताय. त्यातून त्याला एवढंच कळतं की, बाबांना सांगून उपयोग नाही.

शिवाय ते चरित्रही अर्धंच आहे. रॉबिन्सन मुळात गप्प बसणारा नव्हता. १९४४मध्ये सैन्यात असताना, टेक्सासमध्ये कृष्णवर्णीय म्हणून बसच्या मागच्या भागात जाऊन बसायला त्याने नकार दिला. कोर्टमार्शल झालं, त्यातून तो निर्दोष सुटला. ऑगस्ट १९४५मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी त्याला बोलावलं, मैदानावर काय काय ऐकावं लागेल ते स्वतः बोलून दाखवलं आणि मग उलट उत्तर न देण्याचं वचन मागितलं. रॉबिन्सन तेव्हा २६ वर्षांचा होता. आपला तोल गेला तर मागून येणाऱ्या कृष्णवर्णीय खेळाडूंचीही वाट अडेल, हे जाणून त्याने होकार दिला. १९४७च्या हंगामाआधी संघातल्याच काहींनी त्याच्याविरुद्ध अर्ज काढला, तेव्हा व्यवस्थापक लिओ ड्युरोशर यांनी रात्री खेळाडूंना उठवून तो हाणून पाडला. फिलाडेल्फियाच्या संघाने शिव्यांचा भडिमार केला, तेव्हा एडी स्टँकी हा गोरा सहकारी त्याच्या बाजूने ओरडला. घरी पत्नी रेचल खंबीर होती. आणि ते वचन जन्मभराचं नव्हतंच. १९४९पासून तो उघडपणे भांडू लागला, आणि त्याच वर्षी नॅशनल लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या दोन मोठ्या बेसबॉल लीगपैकी एकीचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला.

तुमच्या मुलाकडे यातलं काय आहे? तो १६ वर्षांचा आहे. त्याच्यामागे ना रिकी, ना ड्युरोशर. गप्प बसण्याचं वचन त्याने दिलेलंच नाही, ते त्याच्या वतीने तुम्ही देऊन टाकलंय. शिव्यांनी रॉबिन्सन घडला नाही हो! त्या पडत असतानाही तो खेळू शकला, कारण काही माणसं त्याच्या बाजूला उभी होती.

नोकरीचं म्हणाल तर राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पात्र स्पर्धा आणि प्रमाणपत्रांची पडताळणी जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारा. त्यासाठी याच वसतिगृहात राहायला हवं असं नाही.

या रविवारी त्याला घरी आणा. आईसमोर, घाई न करता, सगळं बोलू द्या. मध्ये रॉबिन्सन नको. मग शाळेच्या प्रमुखांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. आडनावावरून हिणवणं म्हणजे जात काढणं. ती मुलांची मस्करी नव्हे, कायद्याने गुन्हाही ठरू शकतो. शाळा बदलायची का, खेळत राहायचं का, हे त्याला विचारून ठरवा.

पुढच्या मार्गासाठी मला जरूर लिहा. फक्त त्या पत्रात आधी तो काय म्हणाला ते असू द्या, त्याच्या शब्दांत.