पटकन 'हो' म्हणणारं घर

प्रिय मुला,

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा माझा तवा तापलेला होता, त्यामुळे धड बोलता आलं नाही. होटगी रोडचं ते जोडपं तुझ्या मनात भरलंय, एवढं मात्र आवाजावरून कळलं. दोघंही नोकरदार, घर स्वतःचं, पहिल्याच भेटीत पोहे आणि निघताना "पोरगीला उद्याच आणा की साहेब" असा आग्रह. तुझ्याकडच्या नऊ वर्षांच्या मुलीचे प्रतिपालक म्हणून, म्हणजे दत्तक न घेता तिला काही काळ घरी सांभाळणारे म्हणून, पुढच्या बैठकीत त्यांची फाईल बालकल्याण समितीपुढे ठेवू का, असं तू विचारलंस. ठेवू नकोस, इतक्यात तरी. का, ते सविस्तर लिहिते.

नोकरीच्या सुरुवातीला मीही अशाच एका 'हो'ला भुलले होते. अकरा वर्षांची मुलगी होती. घर नीटनेटकं, बाई गोड बोलायची. मी चार वेळा गेले आणि चारही वेळा आधी कळवून, दुपारी चारच्या सुमारास गेले. चहा, बिस्किटं, मुलगी वेणीफणी करून समोर बसलेली. मी अहवालात लिहिलं, 'बालिका समाधानी आहे.' सहा महिन्यांनी तिच्या शाळेतल्या बाई रस्त्यात भेटल्या आणि म्हणाल्या, ही वर्गात झोपते हो, चार-पाच दिवसांनी एकदा, ठरल्यासारखी. सोलापूरकराला 'चार-पाच दिवसांनी' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. उजनी धरण काठोकाठ भरलं तरी आपल्या नळाला पाणी रोज येत नाही. पाणी सुटायच्या दिवशी पहाटे तीनला त्या पोरीला उठवून तिच्याकडून बॅरल, हंडे आणि वरची टाकी भरून घेत होते. घरातली स्वतःची दोन मुलं तेव्हा पांघरुणात.

समितीने तिला परत आणलं. त्या घराने तिला मारलं नव्हतं, उपाशीही ठेवलं नव्हतं. त्यांना मुलगी मनापासून हवी होती, हेही खरंच होतं. कशासाठी हवी, हे मी विचारलं नव्हतं आणि त्या अहवालाखाली सही माझी होती.

2015 च्या बाल न्याय कायद्याचं 44 वं कलम तुला पाठ असेल. कुटुंब निवडताना त्याची क्षमता, हेतू, कुवत आणि मुलं सांभाळल्याचा पूर्वानुभव पाहावा, असं त्यात म्हटलंय. बाकीचं कागदावर मावतं. पगाराची पावती, डॉक्टरचा दाखला, पोलीस पडताळणी, घराचा उतारा, सगळं फाईलला लागतं. हेतूचा कागद कुठल्याच कचेरीत मिळत नाही. तो घरात जाऊन, वेळ घालवून शोधावा लागतो, आणि तुझ्या नोकरीतलं खरं काम तेच. उरलेलं कारकुनी आहे. तेही नीट कर, पण त्यात फार जीव अडकवू नकोस.

आता त्या जोडप्याकडे येते. तू सहज सांगून गेलास, की त्यांनी पहिल्याच भेटीत "दोन वर्षांनी आमच्या नावावर होईल ना?" असं विचारलं. मी तवा उतरवला तो याच वाक्यावर. 2024 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी, सांभाळलेलं मूल प्रतिपालकांना दत्तक घेता येण्याआधीची पाच वर्षांची अट दोनवर आणली आणि 35 ते 60 वयाच्या एकट्या माणसालाही प्रतिपालक होण्याची वाट मोकळी केली. चांगलं झालं. पण दत्तकाच्या यादीत वर्षानुवर्षं थांबलेल्या माणसांना आता हा मधला रस्ता वाटू लागलाय. आपल्याकडे परक्याचं मूल घरात घेणं म्हणजे दत्तक, एवढंच लोकांना ठाऊक. प्रतिपालनाला 'फॉस्टर' म्हटलं तर काही जण राज्याच्या बालसंगोपन योजनेचे महिन्याचे 2250 रुपये समजतात. त्या योजनेत बहुतेक मुलं आपल्या आईकडे किंवा आजीकडेच असतात, हे त्यांना सांगावं लागतं.

तुझ्याकडची ती नऊ वर्षांची मुलगी अक्कलकोटकडची. तिची आई आजारी आहे, मेलेली नाही. बरी झाली की तिला पोर परत हवी आहे. तोवर समितीच्या परवानगीने पोरीला भेटायला यायची सोय कायद्यातच आहे. म्हणजे होटगी रोडच्या त्या बाईंना दर काही आठवड्यांनी दुसऱ्या एका बाईला आपल्या बैठकीत बसवून चहा द्यावा लागेल, आणि त्या चहाच्या वेळी पोर आईच्या मांडीत शिरलेली पाहावी लागेल. हे त्यांना असं, या शब्दांत सांगितलंस का? सांगितल्यावर बाईंच्या चेहऱ्याकडे बघ. नवऱ्याकडे नको, तो आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघेल.

मूल हवं असणं हा काही गुन्हा नाही. ज्या मुलाकडे वर्षानुवर्षं कुणी फिरकलेलं नाही, अशा एखाद्या मुलासाठी हेच घर उत्तम ठरेल, कुणी सांगावं. पण घर चांगलं की वाईट असं ठरवत बसू नकोस. या मुलीसाठी हे घर, एवढंच ठरवायचं असतं. आणि आणखी एक बारीक गोष्ट: ही मुलगी झोपेत कन्नड बोलते. त्या घरात कुणाला कन्नड येतं का?

भाषेचं मी पहिल्यापासून धरून बसते, म्हणून ऑफिसात मला हसायचे. आपलं गाव तसं आहे. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडे कन्नड, लष्कर भागात उर्दू, आणि मराठी सगळीकडे. रात्री पोटात दुखतं ते मूल पहिल्या भाषेतच सांगतं.

कुटुंबं मिळत नाहीत, अशी तुझी तक्रार आहे. वर्तमानपत्रात निवेदन देऊन आणि कलेक्टर कचेरीच्या फळ्यावर कागद चिकटवून ती मिळणारही नाहीत. निवेदन वाचून येतात ते एक तर दत्तकवाले किंवा केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून मुलामागे मिळणारे महिन्याचे 4000 कानावर पडलेले. (पैशाचं सरळ विचारणाऱ्याला लगेच काट मारू नकोस. चार हजारात काय काय बसवाल, ते त्याच्याकडूनच मांडून घे. हिशेब मांडताना माणूस उघडा पडतो.) मला चांगली घरं सापडली ती आडवाटेने. अंगणवाडीच्या ताईला विचार, गल्लीतली पोरं संध्याकाळी कुणाच्या ओट्यावर जमतात. बचत गटाच्या बैठकीत मागे बसणारी, हप्ता न चुकवणारी बाई बघ. निवृत्त एसटी कंडक्टर, शाळेतल्या शिपाईमावशी. ही माणसं आपणहून अर्ज करत नाहीत, "आम्हाला कोण देणार?" म्हणतात. त्यांच्याकडे तीनदा जावं लागतं, आणि तिसऱ्यांदाही ती अडचणीच सांगतात: सासूबाई थकल्यात, जागा लहान, पोराची दहावी. त्या अडचणी लिहून घे. ज्या घराला अडचणी दिसतात, त्याने मुलाचा विचार करायला सुरुवात केलेली असते.

असंच एक घर कुंभारीच्या विडी घरकुलातलं, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतलं होतं. नवरा यंत्रमागावर, बायको आणि सासू विड्या वळणाऱ्या. फाईल पाहून वरिष्ठांनी नाक मुरडलं. मी हट्टाने त्यांच्याकडे दहा वर्षांची मुलगी दिली आणि तिसऱ्या महिन्यातल्या भेटीत माझाच जीव उडाला. पोरीच्या बोटांना तंबाखूचा वास येत होता. चौदाच्या आतल्या पोराला विडीला हात लावू देणं कायद्यात बसत नाही. मी तिथल्या तिथे फाईल बंद करायला निघाले होते. सासू म्हणाली, बसा. मग कळलं ते असं: दुपारी चार-पाच बाया सुपं घेऊन ओट्यावर बसायच्या, गप्पा रंगायच्या, आणि घरातल्या सगळ्या गोष्टी त्या ओट्यावरच बोलल्या जायच्या. पोरीला तिथे बसायचं होतं. नुसतं बसलं तर आपण पाहुणे वाटतो, म्हणून ती दोरा गुंडाळून द्यायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी थांबवलंही नव्हतं.

काम होतं ते, की घरचं होणं? मला अजून नीट सांगता येत नाही. पण काय करायचं ते त्या सासूने माझ्याआधी ठरवलं. सुपाला हात लावायचा नाही, ओटा सोडायचा नाही. तिने पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा, कारण ओट्यावर दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हतं. पुढच्या भेटीला मी गेले तेव्हा पोरगी बायांना पावसाचा अंदाज वाचून दाखवत होती आणि बाया हवामान खात्याला नावं ठेवत होत्या. ती फाईल मी बंद केली नाही. चूक कबूल करून दुसऱ्या दिवसापासून वागणं बदलणारी माणसं मला कधीही चूक न करणाऱ्यांपेक्षा जास्त भरवशाची वाटतात, आणि तशी फार थोडी असतात.

चौकशीत घरातल्या प्रत्येकाशी वेगळं बोल, हे तुला प्रशिक्षणात सांगितलंच असेल. मी दोन प्रश्नांची भर घालते. घरातल्या स्वतःच्या मुलांना "तुला बहीण आवडेल का?" असं विचारू नकोस, ती 'हो'च म्हणणार. "तुझ्या कुठल्या वस्तूला तिने हात लावलेला चालणार नाही?" असं विचार. आणि मोठ्यांना विचार, "मे महिन्यात तुम्ही झोपता कुठे?" आपल्याकडे पारा 43-44 वर गेला की अख्खं घर गच्चीवर जातं. भाडेकरू, पाहुणा म्हणून आलेला मेहुणा, शेजारचा कॉलेजातला पोरगा, सगळे एका गच्चीवर. थंडीत पाहिलेल्या त्या तीन खोल्यांचा तेव्हा काही उपयोग नसतो. मूल कुणाशेजारी झोपेल, हे त्या घराने आजच सांगितलं पाहिजे.

प्रशिक्षणाबद्दल थोडंच लिहिते, कारण तुमच्या पॉवरपॉइंटला मी कंटाळलेय. कलमं एका तासात संपव. उरलेल्या वेळात, ज्यांनी मूल सांभाळलंय अशा एखाद्या बाईला बोलू दे आणि तू गप्प बस. माझ्याकडे एक यायची. ती सांगायची, मूल आल्यावर पंधरा दिवसांनी कपाटामागे मुंग्यांची रांग लागली. बघते तर कडक भाकरीचा ढीग. कडक भाकरीला ना वास येतो ना बुरशी, त्यामुळे इतके दिवस कळलंच नाही. तिने भाकऱ्या फेकल्या नाहीत, ओरडलीही नाही. एक डबा आणला, मुलाचं नाव लिहिलं, भाकऱ्या त्यात भरल्या आणि डबा त्याच्या उशाशी ठेवला. कधीतरी तो डबा आपोआप स्वयंपाकघरात परत आला. हे ऐकताना समोरच्यांपैकी कोण हसतं, कोण "चोरीची सवय" म्हणतं, ते नोंदवून ठेव. अंथरूण ओलं करणं, खोटं बोलणं, न सांगता एसटी स्टँड गाठणं, यांवरही असंच बोलणं होऊ दे. हात उगारायचा नाही, ही मात्र चर्चेची बाब नव्हे. ती सांगायची आणि लिहून घ्यायची.

मूल दिल्यावर समितीने दर महिन्याला पाहणी करायची असते. कामाच्या रेट्यात ती सहीपुरती उरते, हे तुलाही दिसेलच. तू तसं करू नकोस, एवढंच म्हणते.

तर आता त्या होटगी रोडच्या घराचं. आधी त्यांना सांग, की एक भेट न कळवता होईल. खटकलं तर ते तिथेच बोलतील. मग त्यांच्या भागात पाणी कधी सुटतं ते चावीवाल्याकडून काढून घे आणि त्या वेळेला जा. मोटार कोण लावतं, कुणाला उठवतात, टाकी भरून वाहिली की कोण कुणावर खेकसतं, शेजाऱ्याशी काय बोलतात, ते बघ. मदत मागितली तर चार हंडे तूही भर. आणि आईच्या भेटीचं तेव्हाच, हात ओले असताना काढ. पोह्यांच्या बशीपुढे माणसं तयारीने बोलतात. इतक्या पहाटे एकटा जाऊ नकोस, अंगणवाडीच्या ताईंना सोबत घे. बॅटरी ने, त्या गल्लीत कुत्री फार आहेत.

काय दिसलं ते दुपारी फोन करून सांग. दुपारी, तव्याच्या वेळेला नको.

तुझी,
मावशी