पेटीवर लिहिलंय तेच पेटीत

बाय,

परवा पडवीत तू विचारलंस त्याचं उत्तर तेव्हा दिलं नाही. बाबा शेजारी होता, कर्जाचा आकडा त्याच्या तोंडावर दिसत होता.

शेजारचा पेटीत कर्नाटकचा हापूस भरतो, वर आपल्या गावाचं नाव छापतो, आणि यंदा गाडीही घेतली. "काका, तो हुशार आणि आपण खुळे का?"

हो, तो हुशार आहे. आपल्या हापूसची साल पातळ, त्या आंब्याची जाड. कापला की आपला केशरी, तो पिवळट. हे तुझ्या-माझ्याइतकंच त्याला कळतं. कळतं म्हणूनच वरच्या थराला आपला आणि खाली तो.

मला कसं ठाऊक? मीही भरलाय. मे 2021, तौक्ते वादळ. सकाळी बागेत पाय ठेवायला जागा नव्हती, सगळा आंबा खाली. पुण्या-मुंबईच्या चाळीस पेट्यांचे पैसे आगाऊ घेऊन फवारणीत घातलेले. वादळ काय मी आणलं? आयुष्यात एकदाच तर करतोय. एक थर, तोही खालचा. कारणं सगळी बिनतोड! डोकं तल्लख असलं की कारण मागायच्या आधी हजर होतं.

दादरच्या एका बाईंनी तक्रार केली नाही. पुढच्या वर्षी फोन केला तर म्हणाल्या, "यंदा नको." त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

म्हणून सांगतो, पेटीवर लिहिलंय तेच पेटीत. निम्मं चालेल का, एखादा डझन चालेल का, हे मला विचारू नकोस. बाहेरचा विकायचाच तर खुशाल वीक, नाव लिहून वीक. धारवाडच्या आंब्याने कुणाचं घोडं मारलंय? 2018 साली आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव आपल्याच भागाचं असा सरकारी कागद, तेव्हा मीही पेढे वाटले. पण तो कागद काही पेटी उघडून बघत नाही.

आणि हे आत्ता ठरव, मोहोर फुटतोय तोवर. मेमध्ये टेम्पो दारात उभा असताना ठरवायला बसलीस तर तुझीच हुशारी तुला गंडवील.

आपल्या दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे बघ. 1893 मध्ये विधवेशी लग्न केलं, तर गावाने वाळीत टाकलं. 'जरा थांबू, लोक निवळतील' असं म्हणायला त्यांना काय अक्कल नव्हती?

काकू म्हणते, माझ्या हट्टापायी पोरगा मुंबईला गेला. खोटं आहे ते. त्याला बाग नकोच होती. (दोन वर्षं हप्ते थकले, ते त्याने भरले, हेही खरं. पण पेटी मी बदलली नाही. मग मी चुकलो कुठे?)

जाऊ दे. रविवारी ये, खोक्यांची ऑर्डर द्यायची आहे. छपाईचा मजकूर तुझ्या अक्षरात लिहून आण. गावाचं नाव ठळक.

काका