बीएस-४ डिझेल गाडी विकून बीएस-६ घेतली तर पर्यावरणाचा खरंच फायदा होतो का?

बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुरावरची सरकारी मर्यादा; आकडा जितका मोठा तितकी ती कडक. धुराच्या बाबतीत फायदा होतो, आणि मोठा होतो. कार्बनच्या बाबतीत जवळजवळ नाही. हे दोन हिशेब वेगळे आहेत, पण गाडी विकणारे ते एकत्र करूनच सांगतात.

आमच्याकडे हा वाद गणपतीत पेटला. मेव्हण्याने नवी बीएस-६ डिझेल घेतली होती. घर पाहुण्यांनी भरलेलं असताना माझ्या २०१७ च्या गाडीकडे बघून म्हणाला, "भावोजी, हा खटारा अजून किती वर्षं गावाला धूर पाजणार?" मला ते फार लागलं. आमच्या दापोलीच्या किनाऱ्याला इंजिनाच्या आधी पत्रा संपतो. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायची भोकं असतात, ती तांबड्या मातीने बुजली की दार आतून सडत जातं. मी ती काडीने मोकळी करतो, चाकांच्या वरची पोकळी गोड्या पाण्याने धुतो, पावसाआधी अंडरकोटिंग, म्हणजे तळाला गंजरोधक थर, करून घेतो. त्या गाडीला खटारा म्हणायचं नाही.

आता हिशेब. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. वर्षाला ८,००० किमी आणि ॲव्हरेज २० धरा: ४०० लिटर, म्हणजे टनाच्या थोडं वर. नव्या गाडीने २२ चं ॲव्हरेज दिलं तरी ३६ लिटर वाचणार, म्हणजे शंभर किलोसुद्धा नाही. उलट नवी गाडी तयार होतानाच पोलाद, ॲल्युमिनियम वगैरे धरून पाचेक टन हवेत गेलेले असतात. ते फिटायला पन्नास वर्षं लागतील. खाऱ्या वाऱ्यात पत्रा पंधरा वर्षं टिकला तरी पुष्कळ.

पुढे मेव्हण्याच्या गाडीत डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला. गाडी फिरते दापोली बाजारात, नाहीतर मासळीला हर्णैपर्यंत. फिल्टरमधली काजळी जळायला तो ६०० अंशांच्या आसपास तापावा लागतो, एवढ्याशा फेऱ्यांत तो तापतच नाही. खेडला महामार्गावर नेऊन दामटवली तेव्हा दिवा गेला. त्या फेरीचं डिझेल तो हिशेबात धरत नाही.

धुराचं मात्र मान्य करावंच लागेल. बीएस-४ वरून बीएस-६ वर येताना नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ वर आली, कणांची ०.०२५ वरून ०.००४५ वर. तुम्ही रोज मुंबई-ठाण्याच्या गर्दीत चालवत असाल, किंवा जुनी गाडी काळा धूर ओकत असेल, तर खुशाल बदला. पण मग जुनी रीतसर भंगारात काढा. मेव्हण्याने त्याची विकली, आणि ती आज मंडणगडच्या रस्त्यांवर तोच धूर सोडत फिरते आहे.