आई धावायला लागते तेव्हा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तुझ्या आईने वयाच्या चौपन्नाव्या वर्षी धावायचे मनावर घेतले, शनिवारी पुण्याहून आल्यावर तू तिला साताऱ्याच्या क्रीडा संकुलाच्या मैदानावर घेऊन गेलीस, आणि दुसरी फेरी पुरी व्हायच्या आत ती धापा टाकत खाली बसली तेव्हा तुझे धाबे दणाणले, इथवर सगळे समजले. तू स्वतः अर्धमॅरेथॉन धावतेस म्हणून आईला शिकवणे तुला सोपे जाईल असे तुला वाटले होते. माझ्या मते त्याचमुळे ते तुला जड जाईल. तू धावायला कधी शिकलीस हे तुला आठवतच नाही, कारण शाळेच्या मैदानावर खो-खो खेळता खेळता ते आपोआप अंगवळणी पडले. तुझ्या आईच्या पायांना मात्र गेली तीस वर्षे ओटा, कचेरी आणि घरचा जिना यांपलीकडे फारसे काही ठाऊक नाही. मी पन्नाशी उलटल्यावर धावायला लागले आणि तेव्हापासून माझ्या वयाच्या पुष्कळ बायकांना सुरुवात करताना पाहत आले आहे. जे सांगते आहे ते त्या आधारावर.

आधी डॉक्टरांकडे जाऊन या. तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे असे तू लिहिलेस, आणि तिच्या वडिलांना साठीच्या आत हृदयविकाराचा झटका आला होता हे मला आठवते. तेव्हा ईसीजीवर न थांबता टीएमटी, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून करतात ती हृदयाची तपासणी, करून घ्यावी का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. रक्तातली साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व यांच्याही तपासण्या त्याच खेपेस उरकून घ्या, कारण अंगात रक्त कमी असलेल्या बाईला लागणारी धाप सरावाने जात नाही. धावताना छातीवर दडपण आले, जबडा, पाठ किंवा हात दुखू लागला, मळमळले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिने तिथल्या तिथे थांबायचे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचे. बायकांमध्ये हृदयाचे दुखणे पुष्कळदा छातीत कळ न येता नुसता थकवा किंवा मळमळ होऊन प्रकट होते, आणि आपल्या बायका त्याला ‘पित्त झालंय’ म्हणून वाटेला लावतात.

हे निर्धोक निघाले की धापेची काळजी सोडून दे. तू ज्याला घाबरलीस ते सर्वांत लवकर सुधारते. नियमित सराव सुरू झाला की काही आठवड्यांतच रक्ताचे एकूण प्रमाण थोडे वाढते, हृदय एका ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलू लागते, मांड्यांचे स्नायू प्राणवायू अधिक चांगला वापरू लागतात, आणि सुरुवातीला शंभर पावलांत दमणारी बाई दीड-दोन महिन्यांत गप्पा मारत पळू लागते. पण स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा बेताचाच असतो, त्यामुळे टाचेमागची जाड कंडरा बळकट व्हायला महिने जातात. हाडाचेही तसेच आहे. नवा भार आला की शरीर हाडाचा जुना भाग आधी काढून टाकते आणि मग तिथे नवा भरते. हे एक आवर्तन पुरे व्हायला साधारण तीन-चार महिने लागतात, आणि मधल्या काळात ती जागा थोडी कच्चीच असते. त्यात पाळी गेल्यानंतरची पहिली काही वर्षे हाडांची घनता वेगाने उतरते, आणि तुझी आई नेमकी त्याच वर्षांत आहे. म्हणून तिच्यासाठी सर्वांत धोक्याचा महिना पहिला नसून तिसरा आहे. त्या महिन्यात दम तयार झालेला असतो, अंगात हुरूप असतो, ‘आज आणखी दोन फेऱ्या मारते’ असे ती म्हणते, आणि पोटरी-टाच-नडगी अजून तयार नसतात. पहिल्या महिन्यात तिला धीर देणारे पुष्कळ भेटतील. तिसऱ्या महिन्यात तिला आवरणारे कोणी नसते, आणि ते काम तुझे आहे.

सरावाची रीत साधी ठेव. आठवड्यातून तीन दिवस, सरावाच्या दोन दिवसांच्या मध्ये निदान एक दिवस मोकळा. आधी दहा मिनिटे चालणे, मग एक मिनिट हळू धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे वीस-पंचवीस मिनिटे, शेवटी पुन्हा पाच मिनिटे चालणे. मधले चालणे दमल्यावर करायचे नसून दमण्याआधी करायचे. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी ही पद्धत पुढे अमेरिकेतल्या नवशिक्यांमध्ये रूढ केली, आणि त्यांचा आग्रह नेमका हाच होता. धावणे एका मिनिटावरून दोनवर न्यायचे असेल तर त्या आठवड्यात एकूण वेळ वाढवू नये, वेळ वाढवायचा असेल तर वेग जिथल्या तिथे ठेवावा, आणि वेग तर पहिले सहा महिने मोजूच नये. तू तिच्या पुढे धावू नकोस. शेजारी धावलीस तरी तुझी चाल नकळत वाढते आणि ती बिचारी ‘नको’ म्हणत नाही. त्यापेक्षा तिला अर्धे पाऊल पुढे राहू दे.

तिच्या मनगटावर तू घड्याळ बांधलेस हे वाचून मला हसू आले. २२० मधून वय वजा करून नाडीची कमाल मर्यादा काढण्याचा हिशेब मुळात ढोबळ आहे. एकाच वयाच्या दोन माणसांत सहज दहा-वीस ठोक्यांचा फरक पडतो. शिवाय रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल या जातीची गोळी चालू असेल तर ती नाडी दाबूनच ठेवते, त्यामुळे घड्याळ ‘सगळे आलबेल’ दाखवत असताना बाई पार दमलेली असू शकते. धावता धावता तिला एक लांबलचक वाक्य न तुटता बोलता आले पाहिजे, एवढी कसोटी पुरे. तुझी आई मोलकरणीबद्दलची तक्रार सलग सांगू शकते तोवर वेग बरोबर आहे असे समज.

मोकळ्या दिवशी घरच्या घरी पायांत बळ आणण्याचे काम करायचे. जिन्याच्या पायरीवर चवड्यांनी उभे राहून कठड्याला धरून टाचा वर उचलायच्या आणि सावकाश, चार आकडे मोजत, खाली सोडायच्या. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठायचे आणि बसायचे. दात घासताना एका पायावर उभे राहायचे. यात मजा काहीच नाही, म्हणून सगळ्याजणी हेच आधी सोडतात, पण टाचेचे दुखणे घेऊन माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायकांनी हे केलेले नसते. जेवणाबाबत माझे एवढेच म्हणणे आहे की पोळीभाजीवर भागवू नये. दोन्ही वेळच्या ताटात घट्ट वरण, उसळ, दही किंवा अंडे यांपैकी काहीतरी भरपूर असावे.

दुखणे कोणते चालते आणि कोणते नाही, हे तिला नीट शिकव. दोन्ही मांड्या सारख्याच भरून आल्या आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कुरकुरल्या, तर ते सरावाचे दुखणे. एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येते, धावताना वाढत जाते किंवा चाल लंगडी करते, ते दुखणे घेऊन धावायचे नाही. सकाळी पलंगावरून उतरताना पहिले पाऊल टेकल्यावर टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ आली, तर तळव्याला सूज आली असण्याचा संभव आहे. तेव्हा आठवडाभर धावणे बंद ठेवून चालण्यावर यावे, आणि तरीही कळ राहिली तर फिजिओथेरपिस्टकडे जावे.

आता एक गोष्ट, जी तुझी आई तुला आपण होऊन सांगणार नाही. बाळंतपणे झालेल्या, पाळी गेलेल्या पुष्कळ बायकांना शिंकताना-खोकताना लघवीचे थेंब येतात, आणि धावताना ते हमखास येतात. धावणे सोडून देणाऱ्या कित्येक बायका गुडघ्याचे कारण सांगतात, आणि खरे कारण हे असते. ती मैदानावर येण्याआधी पाणी प्यायचे टाळू लागली, गडद रंगाचाच सलवार घालू लागली, धावण्याचा भाग आला की बुटाची नाडी बांधायला वाकू लागली, तर समजून घे. तू विचारायला संकोचू नकोस. एकांतात, सरळ शब्दांत विचार. ओटीपोटाखालचे स्नायू आवळून धरण्याचे आणि सोडण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट असतात, काही महिन्यांत बहुतेकींना चांगला फरक पडतो, आणि तोवर पॅड लावून धावायला काही हरकत नाही. कपड्यांचाही आग्रह धरू नकोस. घट्ट विजारीत तिला अवघडल्यासारखे होत असेल तर सलवार-कुर्त्यात धावू दे, ओढणी तेवढी घरी ठेवावी. आतला आधार देणारा, धावण्यासाठीचा ब्रा मात्र तडजोड न करता घ्यावा.

‘या वयात धावलीस तर गुडघे जातील’ हे तिला जाऊबाईंपासून वाण्यापर्यंत सगळे ऐकवतील. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८४ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या धावणाऱ्यांच्या आणि न धावणाऱ्यांच्या अशा दोन गटांचा मागोवा घ्यायला सुरुवात केली. एकोणीस वर्षांनंतर न धावणाऱ्यांपैकी ३४ टक्के आणि धावणाऱ्यांपैकी १५ टक्के माणसे मरण पावलेली होती, आणि गुडघ्यांच्या एक्स-रे तपासणीत धावणाऱ्यांची झीज अधिक आढळली नाही. हे जाऊबाईंना सांगायला ठीक आहे, पण तू त्यावर जास्त विसंबू नकोस, कारण ती माणसे अभ्यास सुरू होण्याआधीपासूनच धावणारी होती. ज्यांचे गुडघे मुळातच कुरकुरे, ती त्या गटात आलीच नसतील. तसेच ते फौजा सिंग यांचे फोटो तिला व्हॉट्सॲपवर रोज धाडणे बंद कर. नव्वदीच्या उंबरठ्यावर २००० साली लंडन मॅरेथॉन धावणारा हा माणूस थोरच, पण पंजाबातल्या शेतात उमेदीची वर्षे राबलेले ते पाय होते, आणि तुझ्या आईचे पाय बैठ्या नोकरीतले आहेत.

पुढल्या पावसाळ्यातल्या साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनचे नाव तू पत्राच्या शेवटी हळूच काढले आहेस. २०१२ पासून ही शर्यत आपल्या गावात भरते आणि त्या दिवशी सगळे गाव रस्त्याच्या कडेला उभे असते, तेव्हा घरातल्या बाईला हुरूप येणे साहजिक आहे. तरीही पहिल्या वर्षी नको. यवतेश्वरचा घाट चढताना माणूस दमला तर चालू लागतो, त्यात इजा सहसा होत नाही. इजा होते ती उतारावर, जिथे मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलत असतात आणि गुडघ्यावर प्रत्येक पावलाला ताण येतो. त्याऐवजी थंडीत एखादी सपाट रस्त्यावरची पाच किलोमीटरची धाव शोध. अजिंक्यताऱ्याला ती आता पहाटे चालत जाऊ लागली आहे ते चालू राहू दे, फक्त उतरताना पळू देऊ नकोस, आणि वाटेत कुत्री अंगावर आली तर धावणे थांबवून उभे राहायचे हेही सांग.

बूट ऑनलाइन मागवू नकोस. दिवाळीला येशील तेव्हा तिला घेऊन दुकानात जा, तेही संध्याकाळी, कारण दिवसभर उभे राहून तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. मोजे घालून दोन्ही बूट चढवायला लाव आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा उरते का ते स्वतः दाबून पाहा. ती सर्वांत स्वस्त जोडीला ‘हाच छान बसतो’ म्हणेल. तेव्हा किमतीच्या चिठ्ठ्या आधीच काढून ठेवायला दुकानदाराला सांग. टीएमटीचा अहवाल आला की मला कळव.

तुझ्या शाळेतल्या,
बाई